लगाम सैल सोडताना

शर्यत संपायला अर्धा फर्लांग उरलेला असतो. मागच्या घोड्यांवरचे स्वार जिवाच्या आकांतानं हात पुढे-मागे रेटत असतात, चाबूक उगारत असतात. आणि सगळ्यांच्या पुढे असलेल्या घोड्यावरचा जॉकी एकदाच मान वळवून मागे बघतो. मग त्याचे हात थांबतात. दोन्ही मुठी घोड्याच्या मानेच्या बुडाशी, खांद्यावरच्या उंचवट्यापाशी येऊन टेकतात. लगाम जरा सैल पडतो. घोडा आपल्या मनानं, आपल्या चालीनं धावत राहतो आणि तसाच खांब ओलांडतो. इंग्रजीत ‘हँड्स डाऊन’ जिंकणं म्हणतात ते हे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडातल्या शर्यतींच्या मैदानांवर हा शब्दप्रयोग रुळला. तेव्हाचे जॉकी आजच्यासारखे घोड्याच्या मानेवर ओणवे होत नसत. लांब रिकिबी, खाली सोडलेले पाय आणि ताठ पाठ, अशी त्यांची बैठक. त्यामुळे हात वर आहेत की खाली, हे कठड्यापलीकडच्या गर्दीलाही लांबून कळे, आणि हात खाली आलेले दिसले की निकाल लागल्यासारखाच असे. शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी इंग्लंडात आला. आखूड रिकिबीत पाय रोवून तो घोड्याच्या मानेवर वाकून बसे. आधी लोकांनी त्याची टिंगल केली आणि काही वर्षांत सगळेच त्याच्यासारखे बसायला लागले. त्या काळात मोठ्या शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या, आणि त्यात या नव्या बैठकीचा मोठा वाटा होता असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. ताठ बसणारे जॉकी गेले. त्यांच्या हातांवरून पडलेली बोली मात्र तोवर मैदान सोडून घराघरांत शिरली होती.

आता ती कुठेही ऐकू येते. क्रिकेटचा समालोचक म्हणतो, अमुक संघ हा सामना हँड्स डाऊन घेऊन जाईल. माझ्या ऑफिसातली मुलं दुपारच्या डब्यावर बोलताना, ‘दादरची ती मिसळ हँड्स डाऊन बेस्ट,’ असा निकाल देऊन टाकतात. त्यांना म्हणायचं असतं इतकंच की यात वादच नाही. अर्थ बरोबर आहे, वापरही बरोबर आहे, आणि शब्द वापरून गुळगुळीत होतात यात मला वाईट काही वाटत नाही. पण ही बोली मला ज्या कारणानं इतकी जवळची वाटते, ते कारण त्या मूळच्या घोड्यापाशी आहे.

आत्मविश्वास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते सगळं वर उठलेलं असतं. उंचावलेली मूठ, ताठ मान, चढा आवाज. इंग्रजी संभाषणाच्या क्लासात मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना हात कसे हलवायचे, नजर कशी रोखायची, खुर्चीत कसं बसायचं हे शिकवतात. गावाहून आलेल्या, चार माणसांत बोलायची कधी वेळच न आलेल्या मुलीला त्याचा आधार होतो, हे मी पाहिलं आहे आणि त्याची किंमत मला ठाऊक आहे. तरीही वाटतं की हा सगळा विश्वास आपला आपल्यावरच रोखलेला आहे. त्यात दुसरं कुणी नाही. त्या जॉकीच्या हातांत मात्र दुसरं कुणीतरी आहे. तो हात खाली घेतो तेव्हा स्वतःबद्दल काहीच सांगत नसतो. साडेचारशे-पाचशे किलोचा एक जीव आपल्याखाली धावतो आहे, त्याला आता आपली गरज उरलेली नाही, हे त्यानं ओळखलेलं असतं.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. कळलं ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, पहाटे, कठड्याला टेकून उभी असताना. १८८३ साली बांधलेलं हे मैदान. नोव्हेंबर ते एप्रिल इथे मुंबईचा मोसम चालतो, पावसाळ्यात घोडे पुण्याला जातात. पहाटे फिरायला येणाऱ्यांना आत सोडतात, आणि त्याच वेळी घोड्यांचा सराव चालू असतो. अंधार पुरता फिटलेला नसतो. आधी टापांचा आवाज येतो आणि टापांच्या आत आणखी एक आवाज, भात्यासारखा, ठराविक अंतरानं सुटणारा. भरधाव पळणारा घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. पाय आणि फुप्फुसं एका तालात बांधलेली असतात. तो श्वास पाच-सात फुटांवरून कानाशी जातो तेव्हा अंगावर काटा येतो. मग घोडा दिसतो, त्याच्यावरचा पोरगेला स्वार दिसतो, आणि दोन्ही धुक्यात जातात.

तिथेच एका वयस्क सईसाशी ओळख झाली. सराव झालेल्या घोड्याला ते हातानं फिरवत असत, अंगातली ऊब हळूहळू उतरेपर्यंत. मी विचारलं, ‘काका, लगाम एवढा हलका धरलेला, घोडा सुटणार नाही?’ त्यांनी घोड्याचा ओठ अंगठ्यानं अलगद वर करून दाखवला. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्यांच्या मध्ये हिरडीची एक मोकळी जागा आहे, दोन-चार बोटं रुंद, गुलाबी, ओली. लगामाची लोखंडी कांब बरोबर तिथे बसते. दातांवर नाही, उघड्या हिरडीवर. ‘हे बघा ताई,’ ते म्हणाले, ‘तुमचा हात इथं असतो. वर मुठीत नाही, इथं. हात कडक असला की हे तोंड कडक होतं. मग घोडा ऐकत नाही.’ घोड्यानं मान झटकली. काकांनी ओठ सोडला आणि त्याच बोटांनी त्याच्या नाकपुड्यांमधली मऊ कातडी चोळत राहिले.

त्यानंतर मी स्वारांचे हात बघायला शिकले. प्रत्येक झेपेला घोड्याची मान पुढे जाते, मागे येते, आणि चांगल्या स्वाराचे हात त्या मानेबरोबर जातात-येतात. पळवायचं असेल तर तो तीच लय थोडी वाढवतो, पुढे ढकलतो. म्हणजे ते हात आज्ञा देण्याआधी ऐकत असतात. आठवडे, महिने ऐकलेलं असतं, म्हणून एक दिवस ते थांबू शकतात.

माझ्या लहानपणी ‘रेस’ हा शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. महालक्ष्मी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि कितीतरी गिरणी कामगारांचे पगार त्या अंतरात संपायचे. पगाराच्या दिवशी बायका मुलांना कडेवर घेऊन गिरणीच्या दाराशी उभ्या राहत, नवरा दुसऱ्या वाटेनं निघून जाऊ नये म्हणून. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना मी तसं उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्यामुळे घोड्यांविषयी लिहिताना माझं मन कधीच पूर्ण मोकळं नसतं. त्या मैदानावरचं सौंदर्य मला दिसतं आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही दिसतं. दोन्ही खरं आहे.

आता पुन्हा स्वाराच्या हातांकडे, ९ जून १९७३ कडे वळते. न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क, दीड मैलाची शर्यत, फक्त पाच घोडे. त्यातला सेक्रेटेरियट नावाचा तांबूस, भरल्या अंगाचा घोडा आधीच्या दोन मोठ्या शर्यती जिंकून आला होता. ही तिसरी जिंकली तर पंचवीस वर्षांत कुणाला न जमलेला तिहेरी मुकुट त्याचा होणार होता. त्याच्यावर कॅनडाचा रॉन टर्कॉट होता. सुरुवातीला शॅम नावाचा घोडा त्याच्या खांद्याला खांदा लावून धावला, मग मागे पडला, आणि तिथून पुढे मैदानावर शर्यत उरलीच नाही. चित्रफितीत कॅमेरा मागे मागे सरकत जातो, कारण सेक्रेटेरियट आणि बाकीचे एका चौकटीत मावेनासे होतात. टर्कॉटनं चाबूक वापरला नाही. शेवटच्या टप्प्यात त्यानं मान वळवली ती मागचे घोडे बघायला नव्हे. मागे बघण्यासारखं कुणी नव्हतंच. त्यानं डावीकडे, मैदानातल्या घड्याळाकडे पाहिलं. त्या क्षणाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. घोडा चारी पायांनी हवेत, आणि वरचा माणूस बाजूला बघतोय, जणू घोड्याकडे लक्ष द्यायची गरजच नाही. तो ३१ लांब्यांनी, म्हणजे घोड्याच्या ३१ अंगांएवढ्या अंतरानं, जिंकला. वेळ २ मिनिटं २४ सेकंद. बेलमाँटच्या शर्यतीत एवढ्या अंतरासाठी ती वेळ अजून कुणी मोडलेली नाही.

त्या दिवशी त्याच्यावर दोन डॉलर लावणाऱ्याला २ डॉलर २० सेंट मिळणार होते. जिंकणारच, याविषयी गर्दीला एवढी खात्री होती. पण ५,६१७ लोकांनी ती तिकिटं खिडकीवर वटवलीच नाहीत, घरी ठेवून दिली. मला हा तपशील फार आवडतो. लालबागच्या त्या काकूंच्या नवऱ्यानं जिंकलेलं तिकीट कधी ठेवून दिलं नसतं, त्यांना ते परवडलं नसतं, हेही मनात येतं. तरी आवडतो.

सेक्रेटेरियटनं मोडली ती वेळ होती २ मिनिटं २६.६ सेकंद. ती नोंदवली होती १९५७ साली गॅलंट मॅन नावाच्या एका लहानखुऱ्या घोड्यानं. त्या शर्यतीत तिसरा आलेला बोल्ड रूलर हा पुढे सेक्रेटेरियटचा बाप झाला. पण गॅलंट मॅनचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते त्या विजयामुळे नाही. सहा आठवडे आधी तो केंटकी डर्बी हरला होता, आणि हरला होता तो वरच्या माणसाच्या हातांमुळे.

बिल शूमेकर हा अमेरिकेतला फार मोठा जॉकी. उंची जेमतेम चार फूट दहा इंच, वजन चाळीस-एक किलो. त्याची ख्याती होती ती हलक्या हातांची. घोड्यावर तो इतका निश्चल बसे की काही करतो आहे असं वाटतच नसे, आणि घोडे त्याच्याखाली आपसूक पळत. ४ मे १९५७ ला चर्चिल डाऊन्सच्या मैदानावर, त्या डर्बीच्या शेवटच्या सरळ धावेत त्याचा गॅलंट मॅन आयर्न लीजच्या बरोबरीनं आला होता, दोघं नाकाला नाक लावून. वाटेत एक खांब लागतो. तो संपल्याचा नाही, शर्यत अजून एक-सोळांश मैल, म्हणजे शंभर मीटर, उरली आहे हे सांगणारा. शूमेकरला तो अखेरचा खांब वाटला. तो रिकिबीत उभा राहिला. निमिषभरच. लगेच खाली बसून त्यानं पुन्हा घोडा पळवला, पण झेप तुटली होती. आयर्न लीज नाकभर अंतरानं जिंकला. शूमेकरला पंधरा दिवस बंदी झाली. घोड्याचे मालक राल्फ लो यांनी शर्यतीआधी त्याला आपलं एक स्वप्न सांगितलं होतं: आपला घोडा जिंकत असताना जॉकी खांब चुकतो आणि शर्यत हरतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कोकणातली माझी मावशी आठवली.

मावशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, बाळंतपणाच्या खोलीत. सुट्टीत मी तिच्याकडे जायची, आणि मोठी झाल्यावर, शिक्षणाच्या निमित्तानं, तिच्याबरोबर त्या खोलीत उभी राहिले. मी तिथे जे पाहिलं ते मला अपेक्षित नव्हतं. कोपरापर्यंत हात धुऊन ती बाईच्या पायाशी स्टुलावर बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. बसून राहायची. कळ आली की, ‘हां, आता जोर कर गं, माझी बाय ती,’ आणि कळ गेली की, ‘आता सोड, अंग सोड.’ नव्यानं लागलेले तरुण डॉक्टर उगाच घाई करायचे, काहीतरी करून दाखवायला बघायचे. मावशी त्यांना अदबीनं पण स्पष्ट सांगायची, ‘डॉक्टर, हात मागे घ्या. ती करतेय ना.’ मी एकदा तिला विचारलं, तुला कसं गं कळतं, कधी हात लावायचा आणि कधी नाही? ती म्हणाली, ‘मला नाही कळत. तिच्या तोंडाकडे बघते, तिच्या श्वासाकडे बघते. तीच सांगते.’

आणि मूल बाहेर आलं, रडलं, की खोलीतले सगळे सैल व्हायचे. आई रडायची, बाहेर आजी देवाला हात जोडायची, आम्ही हसायचो. मावशी हसायची नाही. तिची खरी घाई तेव्हा सुरू व्हायची. एक हात बाईच्या पोटावर: गर्भाशय आकसून घट्ट होतंय की सैलच आहे? वार पूर्ण पडली का, तिचा एखादा तुकडा आत राहिला का? ती वार ट्रेमध्ये उलटीपालटी करून दिव्याखाली बघायची, कडा जुळवायची. खाली रक्त किती गेलं, कपडा किती भिजला. बाळंतिणी दगावतात त्या बऱ्याचदा या वेळात, मूल सुखरूप झालं म्हणून सगळे निर्धास्त असताना, रक्तस्रावानं. मावशीनं तशी एक पाहिली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षात, आणि ती तिच्याबद्दल कधी बोलत नसे. फक्त पुढची तीस-बत्तीस वर्षं मुलाच्या रडण्यानं तिचा हात कधी उचलला गेला नाही.

शूमेकर स्वतः अशाच एका खोलीतून वाचला होता. १९३१ साली टेक्सासमध्ये तो वेळेआधी जन्मला, वजन एक किलोच्या थोडं वर. रात्र काढणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. त्याला बुटांच्या खोक्यात घालून ओव्हनच्या उबेत ठेवलं आणि तो जगला. ते काम त्याच्या आजीनं केलं असं सांगतात. मी त्या रात्रीचा विचार करते. ओव्हनचं दार किती उघडं ठेवायचं, खोकं किती आत सरकवायचं, कापड किती ऊन झालंय हे तासातासाला हात लावून बघायचं. त्या हातांना पहाटेपर्यंत विसावा मिळाला नसणार. पुढे आठ हजार आठशे तेहतीस शर्यती जिंकणारे हलके हात असे कुणाच्या तरी न थांबलेल्या हातांमुळे जगात राहिले.

‘हँड्स डाऊन’मध्ये म्हणूनच मला सहज मिळालेलं यश ऐकू येत नाही. हात कधी उचलायचे आणि कधी टेकायचे, हे न शिकलेल्या माणसाला ही बोली लागू पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सगळं करून झाल्यावर, समोरच्या जिवाला पुरतं ओळखल्यावर, आणि खांब नेमका कुठे आहे हे ठाऊक असताना खाली आलेले हात, त्यांचीच ती खूण आहे. ब्रिटनमध्ये जॉकीनं जिंकल्याच्या भ्रमात हात खाली घेतले आणि त्यापायी जागा गमावली तर त्याच्यावर बंदी येते. म्हणजे ज्या कृतीवरून बिनघोर विजयाची बोली जन्मली, तीच वेळेआधी केली तर गुन्हा. हा नियम मला मनापासून पटतो. त्या घोड्यावर कुणाचा तरी पगार लागलेला असतो, आणि त्या पगाराची वाट बघत कुणीतरी दाराशी उभं असतं. त्यांच्या वतीनं निवांत होण्याचा हक्क जॉकीला नाही.

राल्फ लो यांनी गॅलंट मॅनवरून शूमेकरला उतरवलं नाही. बंदी संपली, आणि १५ जूनला बेलमाँटमध्ये तोच त्याच्यावर होता. दोघं आठ लांब्यांनी जिंकले. सेक्रेटेरियट येईपर्यंत सोळा वर्षं टिकलेली वेळ ती हीच. मालकाच्या त्या निर्णयाबद्दल फारसं लिहिलं जात नाही. मला तो शर्यतीइतकाच मोठा वाटतो. आपल्याला पडलेलं स्वप्न आपल्याच माणसानं खरं करून दाखवलेलं असताना, पुन्हा त्याच्याच हाती लगाम द्यायचा.

चर्चिल डाऊन्सवर केंटकी डर्बी शूमेकर एकूण चार वेळा जिंकला. एक त्या चुकीच्या आधी, १९५५ ला. बाकीच्या तीन नंतर: १९५९, १९६५ आणि शेवटची १९८६ मध्ये, फर्डिनांडवर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. फर्डिनांडचे ट्रेनर चार्ली व्हिटिंगहॅम तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. सोळा घोडे सुटले आणि फर्डिनांड सुरुवातीच्या रेटारेटीत पार मागे फेकला गेला, सगळ्यांत शेवटी. शूमेकरनं घाई केली नाही. पलीकडच्या बाजूला एकेक घोडा मागे टाकत तो सरळ धावेत आला. पुढे घोड्यांची भिंत होती आणि कठड्याच्या कडेला एक फट दिसली, एका घोड्यापुरती, तीही मिटत आलेली. त्यानं फर्डिनांडला तिच्यात घातलं. आत शिरला, बाहेर पडला, पुढे निघाला. एक-सोळांश मैलाचा तो खांब आला. शूमेकर खाली बसलेलाच होता, हात मानेबरोबर पुढे जात होते, आणि उरलेले शंभर मीटर घोडा पळवत त्यानं सव्वादोन लांब्यांनी शर्यत घेतली.